शीतलसागरचं पहिलं गिऱ्हाईक

शीतलसागर वॉटर पार्क,
सोलापूर–हैदराबाद हायवे, उमरग्याच्या अलीकडं.
पोळा झाल्यावरचा शुक्रवार.

तीर्थस्वरूप माणिकप्पा मामा यांच्या पायाशी भाचा सिद्धाराम याचं शरणु शरणार्थी. पाय सध्या सोलापुरात तुमच्या लेकीच्या, शुभांगीताईच्या तिसऱ्या मजल्यावर आहेत, तेव्हा नमस्कारानं लिफ्टनं वर यावं, लाइट गेलेली असली तर जिन्यानं यावं, पण पोचावं. इकडं सगळं क्षेम आहे. तिकडं तुमचा दम कसा आहे? ताई म्हणत होती, मामा आता गॅलरीतल्या गॅलरीत फेऱ्या मारतात आणि वरूनच खालच्या भाजीवाल्याशी भावावरून भांडतात, घेत मात्र काही नाहीत. ऐकून जिवाला लई बरं वाटलं. जो माणूस घ्यायची नसलेली भेंडी महाग आहे म्हणून भांडतो, त्याची फुप्फुसं ठणठणीत आहेत असं समजायला हरकत नाही. उन्हाळ्यात तुम्ही दवाखान्यात नळी लावून पडला होता आणि आत कुणाला सोडत नव्हते, त्या दिवसांत खरं सांगतो मामा, मला पार्क आठवलासुद्धा नाही. आता तुम्ही भांडायला लागलात, म्हणून मीही लिहायला घेतलं.

फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही माझा फोन उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर तिथं आलेलं सगळं खोटं असतं असं तुमचं ठाम मत (हळदीच्या वाफेनं कोरोना पळतो हे तुम्हीच मला तिथून पाठवलं होतं, पण ते असो). कागदावर शाईनं लिहिलेलं तेवढं तुम्ही खरं मानता. म्हणून शाईचा पेन विकत आणला आणि लिहितोय. पत्र दुधाच्या टेम्पोबरोबर येतंय, त्याला दह्याचा वास आला तर माझा इलाज नाही.

तर मामा, जिंकलो! फाटक उघडलं! पोळ्याच्या आत उघडलं, नारळ फोडून उघडलं, आणि अशी गर्दी झाली म्हणता, की हायवेवरचे ट्रकवाले गाड्या बाजूला लावून बघत उभे राहिले. आषाढात तुम्ही माझा शेवटचा फोन उचलला होता, तेव्हा काय म्हणाला होता, आठवतं का? मला शब्दन् शब्द आठवतो. "सिद्ध्या, पोळ्यापर्यंत तुझ्या त्या डबक्याचं फाटक उघडून आत गिऱ्हाईक गेलेलं दाखव. न्हायतर जागा शंकरप्पाच्या डाळमिलला गोदामासाठी देतो. तसा शब्द दिलाय मी त्याला." जागा मामीच्या माहेरची, शब्द तुमचा, डाळ शंकरप्पाची आणि डबकं माझं. (शब्द देताना मामीला विचारलं होतं का, हे मी विचारत नाही. भाच्यानं असल्या गोष्टीत पडू नये.) पण डबकं म्हणालात ते लागलं मामा. लाटा येणारा तलाव आहे तो. हैदराबादहून मिस्त्री आणून बांधलाय.

आमचं नशीब तुम्हाला माहीतच आहे. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला उद्घाटन ठरलं होतं. मंडप आला, प्लॅस्टिकची नारळाची झाडं उभी राहिली, लाटांच्या मशीनवर बब्रुवानला नेमला. आणि बरोब्बर पाडव्यालाच अख्ख्या देशाला कुलूप लागलं. आमच्या फाटकाला लावायला मी वेगळं कुलूप आणलंच नव्हतं, ते शेजारच्या ढाब्यावरून मागून आणलं. तेव्हापासून सरकारचा नवा हुकूम निघाला की मी चहा सोडून वाचायचो. दारूची दुकानं उघडली. लग्नं पन्नास माणसांत लागायला लागली. एसटी निम्मी भरून पळायला लागली. सलून उघडली, हॉटेलं उघडली, परत बंद झाली, परत उघडली. आणि प्रत्येक हुकुमाच्या शेवटी, जेवणाच्या पानात मीठ वाढावं तशी न चुकता एक ओळ असायची, की पोहण्याचे तलाव आणि मनोरंजनाची ठिकाणं बंद राहतील. सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमचा खोकला मी फोनवर ऐकलाय. पण पार्क न उघडताच बंद पडला हो मामा! दीड वर्षात त्यात एक माणूस भिजला नाही. पाणी मात्र ठेवावं लागायचं, नाहीतर उन्हानं फरशी तडकते. बेडूक आले, बगळे आले, एक दिवस कासव आलं. बब्रुवान मशीनच्या बटणापाशी खुर्ची टाकून रोज बसायचा, म्हणायचा, "मालक, म्या बटण अजून दाबलंच न्हाय. दाबल्यावर काय व्हतं, ह्ये तरी बघू द्या." मी त्याला धीर धर म्हणायचो, आणि मला कोण धीर देणार म्हणून ढाब्यावर जाऊन बसायचो.

आता पोळ्याचं ऐका. यंदा दवंडी आली, की तळ्यावर गर्दी करायची नाही, बैल ज्याचे त्यानं घरीच धुवायचे. गावात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही रुसल्यासारखं. खांदेमळणीच्या दिवशी सकाळी धोंडीबा (आपल्या बांधाला बांध लागलेला, त्याच्या म्हशीवरून तुमचं भांडण झालं होतं तो) फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सिद्धाराम, वरीसभर राबत्यात बिचारी. आज खांद्याला लोणी-हळद लावायचा दिवस. अन् बैल काय तांब्यानं धुवू?" मी म्हणालो, बाबा रे, मनोरंजन बंद आहे. तर तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मनोरंजन कुणाचं? बैल धुणं शेतीचं काम न्हाय व्हय?"

मामा, माझ्या डोक्यात त्या क्षणी जो उजेड पडला तो कधी पडला नव्हता. दीड वर्ष मी हुकुमांच्या शेवटच्या ओळी वाचत होतो, पहिल्या कधी नीट वाचल्याच नाहीत! पहिल्या ओळींत काय असायचं? शेतीची कामं चालू राहतील. पहिल्या दिवसापासून, एकदाही बंद नाहीत! माणसांच्या मौजेला बंदी आहे, बैलांच्या आंघोळीला कुठंय? ताबडतोब ढाब्यावरून नारळ आणला (कुलूपही त्याचंच, नारळही त्याचाच, मोठ्या मनाचा माणूस), फाटकाला झेंडूचा हार घातला, आणि बैलांना वर्दी दिली.

दुपारपर्यंत पंचक्रोशीतल्या जोड्या आल्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, नुसता नाद. काही लोक तर कर्नाटकाच्या अंगाकडून आले, "यप्पा, एवढं पाणी!" म्हणून कपाळाला हात लावून उभे. प्लॅस्टिकची झाडं बैलांनी खाऊ नयेत म्हणून मी दारातच सांगितलं, मुसकं बांधल्याशिवाय आत सोडणार नाही. (एकानं आधी ऐकलं नाही. त्याच्या बैलानं आमचं एक नारळाचं झाड बुडख्यापर्यंत खाल्लं. बैल बरा आहे.) तुमची जोडी, पाखऱ्या आणि हौश्या, ती मामी स्वतः घेऊन आली. मामी यायला नको म्हणत होती, गडी पाठवते म्हणत होती. मीच आग्रह केला. मामा, एक सांगू का? तुम्ही दवाखान्यात गेल्यापासून मामी हसलेली कुणी बघितली नव्हती. दवाखान्याच्या फाटकातून परत पाठवलं तिला, आणि तेव्हापासून बाई नुसती काम करायची आणि गप्प राहायची. म्हणून म्हणालो, मामी, चला, चार माणसं दिसतील.

आणि नेमकं तेव्हाच पथक आलं. गर्दी होऊ देऊ नये म्हणून गावोगाव फिरणारं पथक, जीप, मास्क, सगळा बंदोबस्त. कुणी खबर दिली ते मी लिहिणार नाही. समोरच्या बाभळीखाली शंकरप्पाची स्कूटर उभी होती एवढंच लिहितो. साहेबांचं नाव इंद्रजित, वयानं तरणे, रागानं लाल. खाली उतरले आणि म्हणाले, "फाटक कुणी उघडलं? माणसांना बंदी आहे, माहीत नाही?" मी हात जोडून म्हणालो, साहेब, माणूस कुठंय, दाखवा. जो दिसेल तो कासरा धरून उभा आहे. शेतीचं काम चालू आहे. साहेबांनी मोबाइल काढला, हुकूम वाचला, खाली सरकवला, वर सरकवला. बैल सापडेनात! मग म्हणाले, "मास्क?" मी म्हणालो, बघा की. सगळे मुसकं बांधून. साहेबांनी ओळीनं बघितलं. एकाचंही मुसकं हनुवटीवर नव्हतं, मामा! तालुक्याच्या बाजारात असं दृश्य दीड वर्षात त्यांना दिसलं नसणार.

पण पथकातल्या एकाकडं ते कपाळाला लावायचं ताप मोजायचं यंत्र होतं. त्याला वाटलं, आलोय तर मोजावं. धोंडीबाच्या बैलाच्या कपाळाला लावलं, यंत्र लाल होऊन किंचाळलं. दुसऱ्याला लावलं, तेच. तिसऱ्याला, तेच. गडी मागं सरकत ओरडला, "साहेब, सगळ्यांना ताप!" अहो, काय पळापळ! जीपचा ड्रायव्हर काचा वर करून बसला. मला वाटलं, आता पार्कवर पत्रे ठोकतात आणि शंकरप्पाची डाळ येते. साहेब मात्र एकदम हसायला लागले. मास्कच्या आत हसले, तरी डोळ्यांत दिसलं. म्हणाले, "अरे, आमच्या घरी जोडी होती. बैलाचं अंग माणसापेक्षा गरमच असतं. ठेव ते खिशात." आणि कितीतरी दिवसांनी बैल बघितला असावा, तसे पुढं होऊन त्यांनी पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवला. मी मनात म्हणालो, सिद्धाराम, आता जिंकलास.

तरी साहेब ते साहेब. म्हणाले, "ते सगळं ठीक. पण निम्म्याच क्षमतेनं चालवावं लागेल. जोडीतला एक बैल आत सोडा, एक बाहेर." धोंडीबा पुढं आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, पोळ्याच्या आदल्या दिवशी जोडी फोडायची? तुमच्याकडं नवराबायकोत एकालाच पुरणपोळी वाढत्यात का?" साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग निकाल दिला, आणि त्या निकालाला मी जन्मभर दाद देईन: निम्म्या जोड्या आत, निम्म्या बाहेर ओळीत, दोन बैलांत एका जुवाचं अंतर, आणि जोडीमागं माणूस एकच. बरं, जुवाचं अंतर आमच्या बैलांना सांगावं लागत नाही, ते जन्मल्यापासून तेवढ्याच अंतरानं चालतात. जे सरकारला दीड वर्ष माणसांकडून करून घेता आलं नाही, ते पंचक्रोशीतल्या बैलांनी पाच मिनिटांत करून दाखवलं.

इथवर सगळं सुरळीत झालं, आणि बब्रुवाननं बटण दाबलं. त्याला दोष देऊ नका मामा. दीड वर्ष जो माणूस एका बटणाकडं बघत बसलाय, त्याच्यासमोर तलाव भरलेला, साहेब हसतायत, घुंगरं वाजतायत. त्याचा हात राहिला नाही. मशीन घुरघुरलं आणि आली की हो पहिली लाट! बैलांनी समुद्र कधी बघितलेला? शेपट्या वर करून जे सुटले, ते फाटकातून थेट बांधावर. हळदीचं पाणी सगळ्यांच्या अंगावर, साहेबांची इस्त्री गेली, ओळीतले बाहेरचेही कारण न विचारता पळाले. एकटा हौश्या हलला नाही. लाट आली, त्यानं छाती पुढं केली. दुसरी आली, त्यानं डोळे मिटले. आणि तिसरी आली तसा तो आणखी आत शिरला, आणि त्याचा कासरा मामीच्या हातात होता.

मामी पाण्यात! इरकल लुगड्यासकट, बांगड्यांसकट, चपलेसकट! माझा जीव उडाला. बाया ओरडल्या, मी धावलो, साहेब बुटासकट धावले. तेवढ्यात लाट ओसरली, आणि मामी कमरेएवढ्या पाण्यात नीट उभी. पदर सावरला, तोंडावरचं पाणी पुसलं. बब्रुवाननं घाबरून मशीन बंद केलं होतं. मामीनं त्याच्याकडं बघून अशी हाक दिली की ढाब्यापर्यंत ऐकू गेली: "का रे मुडद्या, बंद का केलंस? चालू कर!" आणि हसली. मामा, मोठ्यानं हसली, तोंडाला पदर न लावता. लाट आली की हौश्याची मान धरायची, लाट गेली की हसायची. धोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही आलं, लिहायला लाज वाटत नाही. साहेब काठावर उभे राहून म्हणाले, "जोडीमागं एक माणूस. नियमात बसतं." आणि बूट काढून पाणी ओतून जीपमध्ये बसले.

तेव्हा तुमची अट पुरी झाली. फाटक उघडलं, पोळ्याच्या आत उघडलं, आणि शीतलसागरचं पहिलं गिऱ्हाईक आत गेलं. ते कोण, हे मी वर शाईनं लिहिलंय. पोळा धुमधडाक्यात झाला, सगळे बैल धुऊन-पुसून आपापल्या घरी गेले (जवळजवळ सगळे). आता शेजारच्या गावांतून विचारणा सुरू आहे, की म्हशी चालतील का. चालतील म्हणालो. बाजारात कुणी असंही म्हणतंय, की दिवाळीच्या सुमाराला सरकार पार्क उघडणार, पण फक्त कोरडे खेळ, पाण्याचे नाहीत. आता बोला! आपल्याकडं कोरडं म्हणजे एक झोपाळा आणि गाड्या लावायची जागा. पण मी घाबरत नाही. बैल आहेत तोवर सिद्धाराम आहे. शंकरप्पाला माझा नमस्कार सांगा आणि डाळ दुसरीकडं ठेवायला सांगा. शुभांगीताईला नमस्कार, भाजीवाल्याला सबुरी.

तुमचा भाचा,
सिद्धाराम

ता. क. जवळजवळ सगळे बैल गेले असं वर लिहिलं, त्याचा खुलासा करतो. हौश्या पाण्याबाहेर येईना. कडबा दाखवला, पेंड दाखवली, पाखऱ्याला काठावर आणून हंबरायला लावलं, ढिम्म हलत नाही. पोळ्याची पूजासुद्धा मामीनं पाण्यात उभं राहून केली आणि पुरणपोळी तिथंच चारली. तो लहानपणापासून तुमच्या हाकेचा. तेव्हा पत्र मिळताच दुधाच्या परतीच्या टेम्पोत बसा आणि या. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, तुमच्यासाठी पुढची सीट पुसून ठेवील.

ता. क. दुसरी. येताना ताईकडं मामीची जी दोन लुगडी ठेवलेली आहेत, ती घेऊन या. कोरडी लुगडी संपली.

ता. क. तिसरी. मामा, शाईनं खोटं लिहिलेलं पचेना. हौश्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर आला, स्वतःहून, आणि गोठ्यात कडबा खातोय. मामी मात्र तिकिटाच्या खोलीत अंथरूण टाकून राहिली आहे, न्याहरी झाली की पाण्यात उतरते. जोडीमागं एकच माणूस हा साहेबांचा नियम मोडू नये म्हणून मी रोज धोंडीबाच्या म्हशींची जोडी मामीशेजारी उभी करतो. काल हात जोडून विचारलं, मामी, घरी कधी जायचं? म्हणाली, "जागा माज्या बापाची. शब्द देताना मला इचारलं न्हाय. दवाखान्याच्या फाटकावर म्या उभी ऱ्हायले, मला आत सोडलं न्हाय. आता त्यांनी ह्या फाटकाशी येऊन उभं ऱ्हावं. शंकरप्पाचा शब्द माघारी घेतला म्हणावं, अन् मला हाक मारावी. सोडते की आत." तेव्हा मामा, हाक मारायला या, पण बैलाला नाही. बैल आला. मामी यायची आहे.